भाकर झाकून ठेवली तो रविवार

आमच्या घरात आज्ञा पाळणं म्हणजे पप्पांचं ऐकणं, इतकं ते सरळ होतं. पप्पा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तसे तेही हलले, कपाटं-खुर्च्यांसकट, आणि आई-मला घेऊन शिवाजी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात येऊन राहिले. संध्याकाळी फाटकाशी सायकलची घंटी दोनदा वाजायची आणि मी असेन तिथून उठून उभी राहायची. भीतीनं नाही हं. म्हणजे थोडी भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त असं वाटायचं की हा माणूस नेहमी बरोबरच असतो, मग उभं राहायला आपलं काय जातंय! घरात हिंदीचा एक शब्द चालायचा नाही. चपला भिंतीला टाचा लावून ठेवायच्या. पानात काही टाकायचं नाही. आणि साडेसातला, वीज असो नसो, प्रार्थना. सतरंजीवर आम्ही तिघं. पप्पा शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे ते कचेरीतला हुकूम वाचावा तसं, स्वल्पविरामाला नीट थांबून, आणि पुस्तक मिटताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "कळलं?" मी म्हणायची, "कळलं, पप्पा." देवाचा आवाज कसा असेल याची कल्पना करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. तो पप्पांसारखाच असणार, जरा घोगरा, आणि चष्मा नाकावर घसरलेला.

आईचं वेगळं होतं. ती आज्ञा हा शब्द कधी वापरायची नाही. त्या वेळी भोपाळात आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं सात-आठ होती, कुणी नागपूरचं, कुणी अमरावतीचं, कुणी अचलपूरचं. एरवी आम्ही सगळे हिंदी मंडळीच्या उपासनेला जायचो, पण महिन्याचा पहिला रविवार आमचा. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, बाहेरगावहून सकाळच्या गाडीनं यायचे, आमच्या पुढच्या खोलीत मराठीत उपासना व्हायची, प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी एकच भाकर मोडून घास घास आणि द्राक्षारसाचा घोट घोट सगळ्यांनी घ्यायचा, आणि पाळकसाहेब चारच्या गाडीनं परत जायचे. त्या भोजनाची भाकर करायची ती आदल्या दिवशी आईनं. होती गव्हाचीच, पण तिला पोळी कधी कुणी म्हटलं नाही. नुसतं पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही, तव्यावर फुगू द्यायची नाही, मंद आचेवर दाबून दाबून भाजायची. द्राक्षारस भोपाळात कुठून आणणार? आई काळ्या मनुका उकळायची आणि फडक्यातून गाळायची, त्याचा वास पडद्यांना सोमवारपर्यंत यायचा. आणि या भाकरीचा एक नियम होता, तिच्या आईकडून आलेला. जिचं कुणाशी वाकडं असेल तिनं त्या पिठाला हात लावायचा नाही.

आता आमच्या मागच्या नळावर आमचा आणि शेजारच्या शुक्लाइनबाईंचा वाटा, आणि नळाला पाणी पाऊण तास. आईचं आणि त्यांचं महिन्यातून तीन वेळा तरी जुंपायचं. आई म्हणजे काही गरीब गाय नव्हती, बादल्या आपटत असं काही बोलायची की मी खिडकी लावून घ्यायची. पण शनिवार आला, की दुपारी पदर नीट करून, वाटीत चटणी नाही तर दोन मुगवड्या घेऊन निघायची शुक्लाइनबाईंकडे. पहिल्यांदा त्यांना काही कळेना, ही आत्ता तर भांडत होती! मग कळायला लागलं. आईला दारात बघून त्या आतूनच ओरडायच्या, "आ गईं? कल पहला इतवार है क्या?" आई म्हणायची, "हां, बहनजी. मुझे माफ कर दो, रोटी बनानी है." एकदा तर शुक्लाइनबाई म्हणाल्या होत्या, तुमच्या देवाला सांगा, ही रोटी रोज करायला लाव, म्हणजे नळावर शांतता राहील. मी हसून हसून लोळले होते. मला ते सगळं आईचं एक खूळ वाटायचं. पप्पांची ती आज्ञा आणि आईचं ते खूळ, असे माझ्या डोक्यात दोन वेगळे कप्पे होते.

माझा मान होता पेटीचा. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून मी उपासनेत पेटी वाजवायची, आणि सतराव्या वर्षापर्यंत मला अशी खात्री पटली होती की मी नसले तर या लोकांच्या गळ्यातून सूर निघणार नाही. त्यात तथ्यही होतं, काय करणार! पाळकसाहेब गाणं सांगायचे, मी सूर धरायची, आणि तिथून सगळे उचलायचे. कुणाला कुठला सूर सोसतो हे मला पाठ होतं. माझ्या हातात पंचवीस गळे होते आणि मला ते माहीत होतं. आज हे लिहिताना माझंच मला हसू येतंय, पण तेव्हा मी पेटीमागे बसले की माझी मान अशी ताठ व्हायची की आई खुणेनं पदर ओढायला सांगायची.

त्या वर्षी मार्थामावशी आली. अचलपूरकडची, एका दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेली, आता भोपाळला मुलाकडे, कोटरा सुल्तानाबादला राहायला आलेली. सहा फुटी बाई, आवाज खोल, पुरुषी म्हणावा इतका खालचा, आणि बोलणं पक्कं वऱ्हाडी. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर तिनं माझ्या पाठीवर धप्पकन हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी वाजवते झकास. पण लय पळवते. देवाले काय गाडी पकडा लागते?" सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. मीही हसले, दात दाखवून. आणि आत जे काही झालं ते पुढच्या महिन्यापर्यंत तसंच राहिलं.

पुढच्या महिन्यात मार्थामावशीनं साक्ष द्यायची होती, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. तिनं ती गाण्यात बांधली होती. तिचा नवरा गेला तेव्हापासून तीन वर्षं ती प्रार्थनेत तोंड उघडत नव्हती. देवाशी बोलणंच टाकलं होतं तिनं. मग एकदा गहू निवडता निवडता चार ओळी सुचल्या, मग आणखी चार, आणि त्या ओळींवरून ती देवाकडे परत आली. लिहिता येत नव्हतं तिला, सगळं पाठ. उपासनेआधी ती मला कोपऱ्यात घेऊन गेली, चाल गुणगुणून दाखवली, आणि एवढी मोठी बाई, पण लाजत म्हणाली, "माय, माह्यासाठी सूर खालून धरजो. वरचं मले झेपत नाई." मी मान डोलावली. आणि ती उभी राहिल्यावर मी सूर धरला तो चांगला चार-पाच पट्ट्या वरचा. मुद्दाम. पूर्ण शुद्धीत. तिला पेटीतलं काय कळतंय? दिला तो सूर तिनं घेतला. ध्रुवपद कसंबसं निघालं, पण पुढच्या कडव्यात चाल वर गेली, आणि ज्या ओळीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं नेमक्या त्या ओळीला तिचा आवाज फाटला. असा काही आवाज निघाला की सगळी खोली हसली. कुणी पदरात, कुणी रुमालात. पप्पा मिशीत हसले, मी बघितलं. मार्थामावशी अर्ध्यात खाली बसली.

नंतर ती माझ्याजवळ आली. माझ्यावर संशय म्हणून नाही, खरंच विचारायला. "सूर तोच होता ना वं, पोरी? खालचा?" मी पेटीचा भाता बंद करत होते. मी म्हटलं, "हो मावशी, तोच होता." "मंग माह्याच गळ्याले काई झालं," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात ती आली नाही. आई म्हणाली, बरं नसेल. माझं दृढीकरण तोंडावर आलं होतं, म्हणजे पाळकसाहेब प्रश्न विचारणार, मी उत्तरं देणार, ते डोक्यावर हात ठेवणार आणि मग आयुष्यातलं पहिलं प्रभुभोजन मला मिळणार. मी उत्तरं पाठ करत होते. पप्पा रोज संध्याकाळी घोकून घेत होते, आणि एकही शब्द चुकत नव्हता.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आईनं परात पुढे ओढली आणि म्हणाली, "हात धू. आज तू मळ. पहिल्या भाकरीला आपला हात लागावा." मी खूश झाले. हात धुतले, बसले. आईनं पिठात खळगा केला, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि न ओतता म्हणाली, "कुणाशी काही आहे का तुझं?"

"नाही."

"आणि कुणाचं तुझ्याशी?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. खरं तर कायद्यानं बघितलं तर नव्हतंच. मार्थामावशीला माहीतच नव्हतं, मग तिचं माझ्याशी काही असणार कसं? मी मनात अशी वकिली करत होते आणि समोर पांढरं पीठ होतं. आई वाट बघत होती, घाई नव्हती तिला. बाहेर नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. आणि मग मला वाटलं की घरात आणखी कुणीतरी आहे. हे कसं सांगावं मला अजून कळत नाही, साठ वर्षं मी यावर विचार करतेय. दिसलं काहीच नाही, ऐकूही आलं नाही. पण त्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीखाली, मला इतकं स्पष्ट जाणवलं की कुणीतरी माझ्याकडे बघतंय आणि त्याला सगळं ठाऊक आहे, सूर किती पट्ट्या वर होता तेसुद्धा. आणि ते पप्पांसारखं अजिबात नव्हतं. त्यात दटावणी नव्हती. ते इतकं मोठं होतं आणि इतकं शांत, की त्याच्यापुढे त्या पिठाला हात लावणं मला जमेना. मी परात मागे सरकवली आणि आईला सगळं सांगितलं.

आई रागावेल असं वाटलं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला, माझे दोन्ही हात आपल्या पदराला पुसले आणि म्हणाली, "जा."

"आत्ता?"

"मग कधी? भाकर मी करते. तू जा."

पप्पा कचेरीत चालतच जायचे शनिवारी, सायकल घरी होती. ती घेऊन मी कोटऱ्याला निघाले. चढ लागला की उतरायची, उतार लागला की वाटायचं, हा इतक्या लवकर कशाला संपतोय. आज तिथं इतकी घरं झालीत की माझी मलाच वाट सापडत नाही, तेव्हा मधे मोकळी रानं होती. मार्थामावशी दारात बसून सुपात गहू निवडत होती. मला बघून उठायला लागली, "ये वं माय, चहा..." मी म्हटलं, "मावशी, सूर तो नव्हता. मी मुद्दाम वरचा धरला. तुम्ही मला लय पळवते म्हणालात म्हणून." एका दमात. तिनं सूप मांडीवरच ठेवलं. बराच वेळ बोटं गव्हात फिरत राहिली, खडा असा एकही काढला नाही तिनं.

"मले वाटलं," ती म्हणाली, "देवानं गप्प केलं मले. वाटलं, तीन वर्षं तू बोलली नाईस, आता मले तुहं ऐका लागत नाई, असं म्हणाला तो. दोन महिने झाले पोरी, म्या प्रार्थना नाई केली. कोणत्या तोंडानं करू?"

मला वाटलं होतं, मी एका बाईची फजिती केली. पण मी तिच्या आणि देवाच्या मधे जाऊन उभी राहिले होते, एका खोट्या शब्दानं. असं काही आपल्या हातून होऊ शकतं हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मला माफ करा. उद्या या ना." ती म्हणाली, "राग नाई आला असं नाई म्हणत. आला. तू आलीस ते बरं केलं. पण तू एकटी आलीस, हसले पंचवीस. म्या नाई येत." आणि तिनं सूप उचललं.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर मी पप्पांना सांगितलं. मंडळीसमोर उभं राहून हे बोलायचंय, तेही सांगितलं. पप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "तिच्याकडे जाऊन आलीस ना? मग झालं. उद्या लोक येणार, पाळकसाहेब येणार. माझ्या घरात, माझ्या मुलीनं सगळ्यांपुढे तमाशा करायचा? दृढीकरण होऊ दे, मग बघू. कळलं?" मी सतरंजी गुंडाळायला लागले. त्यांनी ते होकारासारखं घेतलं. आई कोपऱ्यात मनुका गाळत होती, तिनं मान वर केली नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं की पप्पा एक सांगत होते आणि देव दुसरं. मला तर वाटायचं, दोघांचा आवाज एकच आहे! कुणाचं ऐकायचं असा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडलाच नव्हता, आणि पडला तेव्हा जमीन सरकल्यासारखी झाली.

रविवारी आईची पांढरी साडी नेसून मी पुढे उभी राहिले. खोली भरली होती, दारातही दोघं-तिघं. टेबलावर ताटलीत भाकर, शेजारी पेला. पेटी मी वाजवली, सगळी गाणी खालून धरली, कुणाच्या लक्षात आलं नाही. पाळकसाहेब म्हणजे छोटीशी मूर्ती, उन्हापावसात छत्री घेऊन फिरणारे. त्यांनी पहिले प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, पप्पांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग त्यांनी विचारलं, "मुली, प्रभू जे सांगेल ते तू करशील का?"

उत्तर पाठ होतं. जिभेवर होतं. पण काल दुपारचं ते पुन्हा आलं, तसंच मोठं आणि शांत, आणि या वेळी मला वाटलं, सगळी खोली त्यानं भरून गेलीय आणि या बिचाऱ्यांना पत्ताच नाही. मी म्हटलं, "पाळकसाहेब, हे उत्तर मला आत्ता देता येत नाही." पप्पांची मान झटक्यानं वर आली. आणि मी सांगितलं. सूर, खोटं, कालचं कोटरा, मार्थामावशीनं दोन महिने प्रार्थना केली नाही ते. कुणावर ढकललं नाही, पप्पांचं नाव घेतलं नाही. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. बोलून झाल्यावर बाहेरून शुक्लाइनबाईंची कढई ऐकू येत होती.

मग पप्पा उठले. मला वाटलं, आता कानाला धरून आत नेणार. ते टेबलापर्यंत आले, चष्मा काढला, आणि चष्म्याशिवाय ते इतके वेगळे दिसत होते, इतके म्हातारे. म्हणाले, "पाळकसाहेब, त्या दिवशी मीही हसलो. आणि काल ही पोर हेच म्हणत होती, तिला मी गप्प बसवलं. माझी अब्रू जाईल म्हणून." कचेरीचा आवाज नव्हता तो. काल परातीपुढे माझा निघाला होता तसला होता. हा माणूस कुणासमोर उभा आहे? मला वाटायचं यांच्या वर कुणी नाही. आणि आता ते एखाद्या मुलासारखे, चुकलेल्या मुलासारखे उभे होते, आणि त्या क्षणी मला पप्पांचा जेवढा आदर वाटला तेवढा त्याआधी कधीच वाटला नव्हता.

पाळकसाहेबांनी विचारलं, "मार्थाबाई कुठं राहतात?"

"कोटऱ्याला."

त्यांनी पांढरा रुमाल घेऊन भाकर झाकली, पेला झाकला, आणि कोपऱ्यातली छत्री उचलली. "कुणाचं आपल्याशी काही असेल तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जायला प्रभूनं सांगितलंय आपल्याला. इतकी वर्षं मी यावर बोलतोय, गेलो मात्र कधी नाही. चला."

"सगळे?" कुणीतरी म्हणालं.

"हसलो सगळे ना?"

"पण साहेब, तुमची चारची गाडी?"

"उद्याही असते."

आणि आम्ही निघालो. पंचवीस माणसं, रविवारचे पांढरे कपडे, डोक्यावर ऊन. फाटकाशी शुक्लाइनबाई झारा हातात घेऊन आल्या. "अरे, क्या हुआ? कहां जा रहे हो?" आई म्हणाली, "माफी मांगने." "सब के सब?" "सब के सब, बहनजी." त्यांनी आमच्या उघड्या दाराकडे बघितलं, "ताला तो लगा दो!" म्हणाल्या, आणि आमच्याकडे कुलूप कुठाय हेही कुणाला सुचेना, तेव्हा त्याच आमच्या पायरीवर बसल्या राखणीला. मी हे नातीला सांगते तेव्हा ती म्हणते, "आजी, तुमच्या लोकांना काही कामधंदा नव्हता काय?" काय सांगू तिला! तो तासभर मी ज्या भीतीनं आणि ज्या आनंदानं चालले, तसं परत चालायला मिळावं म्हणून मी माझे हे दोन्ही गुडघे देईन. पप्पा माझ्या शेजारून, बोडक्या डोक्यानं, घाम न पुसता चालत होते. मला राहवेना. मी विचारलं, "पप्पा, लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते की," ते म्हणाले. "मरणाची वाटते."

आणि चालत राहिले.

मार्थामावशी न्हाऊन दारात केस वाळवत बसली होती. एवढी माणसं पांढऱ्या कपड्यांत येताना बघून ती दचकून उठली, छातीवर हात ठेवून ओरडली, "बाप्पा! कोण गेलं?" पप्पा पुढे झाले. "कुणी गेलं नाही, बाई. आम्ही आलोय. त्या दिवशी हसलो आम्ही. चुकलं." हात जोडले त्यांनी. मागे सगळ्यांनी जोडले. मार्थामावशी पप्पांकडे बघत नव्हती, आमच्याही कुणाकडे नाही. ती पाळकसाहेबांकडे बघत होती. ओले केस खांद्यावर, आणि त्या खोल आवाजात तिनं विचारलं, "साहेब, मंग देवानं नाई नं गप्प केलं मले?"

पाळकसाहेब म्हणाले, "नाही, बाई. देवानं नाही. आम्ही."

ती उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडली. इतकं मोठ्यानं की शेजारची माणसं बाहेर आली. आम्ही सगळे तसेच उभे. कुणी समजूत घालायला गेलं नाही, आईसुद्धा नाही. रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं, आमच्यावरून एक नजर फिरवली आणि म्हणाली, "एवढ्या लोकायले माह्या घरी पेले नाईत. माठ हाय. ओंजळीनं प्या लागन." आणि एकेकाच्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतत गेली. माझ्या ओंजळीत ओतताना म्हणाली, "राग पुरा नाई गेला अजून. तो बी जाईन." मग आत गेली, लुगडं बदलून आली, माझ्या खांद्यावर हात टाकला, आणि आम्ही परत शिवाजी नगरला निघालो. तिचा हात जड होता. वाटेत दोन ठिकाणी सावलीत बसावं लागलं, पण एकानंही पुढे जाण्याची घाई केली नाही.

खोलीत शिरलो तेव्हा गाडी केव्हाच निघून गेली होती. मार्थामावशी पहिल्या ओळीत बसली. तिच्या गाण्याचं कुणी काही विचारलं नाही, ती ते पुढे पावसाळ्यात गायली, तिच्या मर्जीनं. पाळकसाहेबांनी रुमाल काढला. भाकर वाळून कडक झाली होती, मोडताना आवाज होणार हे दिसत होतं. त्यांनी मला पुन्हा पुढे बोलावलं आणि राहिलेला प्रश्न विचारला, तसाच, त्याच शब्दांत. "मुली, प्रभू जे सांगेल ते तू करशील का?"

मी म्हटलं, "होय."

आणि माझ्या मागून, भिंतीकडून, पप्पा म्हणाले, "होय." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.